सेल फिरतोय पण गाडी चालू होत नाही – तुमचे अनुभव सांगा

मे महिन्यात पुण्याहून कोल्हापूरला जाताना खंबाटकी ओलांडून सुरूरजवळ चहाला थांबलो. वीस मिनिटांनी चावी फिरवली तर सेल, म्हणजे इंजिन फिरवणारा स्टार्टर, एकदम दणदणीत, लाईट फुल, इंजिन फिरतंय फिरतंय पण पकडतच नाही. मागे आई बसलेली, वय ७४, ऊन असं की गाडीत बसवेना आणि बाहेर उभंही राहवेना. हायवेवरच्या एका मेकॅनिकने दोन मिनिटांत निदान केलं, पेट्रोल पंप गेला. तासाभराने सामान आणून पंप बदलला, गाडी चालू झाली, आम्ही पैसे देऊन निघालो.

पंधरा दिवसांनी परत तेच. गरम इंजिन, थोडा वेळ उभी, मग नाही म्हणजे नाही. या वेळी आमच्या गल्लीतल्या फिटरकाकांना फोन लावला. ते म्हणाले, सेल मारताना आरपीएमचा काटा बघ, जरा तरी हलतोय का. बघितलं तर काटा शून्यावर चिकटलेला. ते म्हणाले क्रँक सेन्सर बघावा लागेल, तो तापला की सिग्नल देत नाही, सिग्नल नाही तर कॉम्प्युटरला इंजिन फिरतंय हेच कळत नाही, मग ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही. अर्धा तास थांब, थंड झाली की होईल चालू. झाली. म्हणजे पहिल्यांदाही पंप बदलल्यामुळे नाही, तर तेवढ्या वेळात इंजिन थंड झाल्यामुळेच चालू झाली होती! सेन्सर बदलला, तेव्हापासून त्रास नाही. काट्याची खूण सगळ्या गाड्यांत दिसत नाही असंही काकांनी सांगितलं, पण बघायला काय लागतं.

पैसे गेले त्याचं नाही, आई उन्हात ताटकळली ते अजून मनातून जात नाही. म्हणून विचारतोय, तुमच्या गाडीला असं झालं असेल तर सविस्तर लिहा. पेट्रोल, डिझेल की सीएनजी, इंजिन गरम होतं की गार, त्याआधी काय काय घडलं होतं आणि शेवटी काय निघालं.

*

आमची सीएनजी, चिंचवड. गॅस स्वस्त म्हणून पेट्रोल कायम रिझर्व्हला. एका सकाळी सेल फिरतोय, बाकी काही नाही. नवऱ्याने सांगितलं नुसती चावी ऑन कर आणि मागच्या सीटकडे कान दे, दोनेक सेकंद घुंईं आवाज यायला हवा, पंप प्रेशर बनवतो त्याचा. आवाज नाही. फ्यूज बघितला, चांगला. मग हॉर्नचा रिले (करंट चालू-बंद करणारी छोटी डबी) सेम नंबरचा होता तो काढून पंपाच्या जागी लावला, तरी नाही. म्हणजे पंपच. टाकीच्या बुडाला रबरी हातोडीने हलकेच ठोकलं तर एकदा चालू झाली, तशीच गॅरेजला नेली. पंप टाकीतल्या पेट्रोलमध्ये बुडून असतो आणि त्या पेट्रोलनेच गार राहतो, हे तिथे पहिल्यांदा ऐकलं. आमची गाडी स्टार्ट पेट्रोलवरच होते, नंतर गॅसवर जाते, त्यामुळे पंप हवाच. आता पाव टाकीच्या खाली जाऊ देत नाही.

*

डिझेलवाल्यांसाठी. सोलापूर रोडला टाकी कोरडी पडली, कॅनने दहा लिटर आणून ओतलं आणि सेलवर सेल मारत बसलो, बॅटरी उतरली तरी गाडी नाही. एक ट्रक ड्रायव्हर थांबले, म्हणाले भाऊ गाडीने एअर घेतलीय, डिझेल पोचतच नाहीये. फिल्टरवरचा हातपंप दाखवला, कडक होईपर्यंत दाबत राहायचा. ट्रकच्या बॅटरीला केबल लावून सेल मारला, दुसऱ्या झटक्यात चालू. दहा सेकंदांच्या वर सेल मारायचा नाही आणि मध्ये मिनिटभर थांबायचं, नाहीतर स्टार्टर जळतो, हेही त्यांनीच शिकवलं. पैसे घेतले नाहीत. कुठे असतील तिथे सुखी राहोत.

*

चिपळूण. पावसाळा. उंदीर. इंजिनात इंधन सोडणाऱ्या इंजेक्टरची वायर कुरतडलेली, बोनेट उघडल्यावर समोरच दिसली. आधी बोनेट उघडा, मग काय ते बोला.

*

नागपूरहून. चावीचं कव्हर तुटलं म्हणून रस्त्यावरच्या चावीवाल्याकडून नवीन बसवून घेतलं. पातं तेच, कुलूप उघडतं, सेल फिरतो, इंजिन चालू नाही. दोन दिवस प्लग, कॉइल, बॅटरी सगळं तपासून झालं. डॅशबोर्डवर चावीचं छोटं चित्र लुकलुकत होतं, त्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. शेवटी डुप्लिकेट चावीने लगेच चालू झाली! चावीच्या आत तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी चिप असते, ती जुन्या कव्हरमध्येच राहिली होती. नशिबाने ते कव्हर मुलीने खेळायला ठेवलं होतं, कचऱ्यात गेलं नव्हतं. म्हणून सांगतो, पहिली टेस्ट दुसऱ्या चावीची, फुकट आहे.

*

मी इंग्लंडमध्ये, लेस्टरला. जानेवारीत पेट्रोल गाडी घरासमोरून दहा फूट पुढे घेतली आणि लगेच बंद केली, दुसऱ्या दिवशी चालूच होईना, पेट्रोलचा वास. थंड इंजिनात पेट्रोल जास्त सोडलं जातं आणि ते जळायच्या आधीच मी बंद केली, त्यामुळे प्लग भिजले. उपाय सोपा निघाला, ॲक्सिलरेटर पूर्ण तळापर्यंत दाबून धरायचा आणि सेल मारायचा. बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत त्या वेळी पेट्रोल बंद होतं आणि नुसती हवा जाते. आठ-दहा सेकंदांत खोकत खोकत चालू झाली, मग पंधरा मिनिटं चालू ठेवली.

*

एक वेगळा सांगतो कारण यात सेल मारणंच चूक आहे. २६ जुलै २००५, सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, बाबांची गाडी कलिन्यात सीटपर्यंत पाण्यात. पाणी ओसरल्यावर शेजारचे म्हणत होते मारून तर बघा. बाबांनी हात लावू दिला नाही. फिटरने आधी बॅटरी सोडवली, चारही प्लग काढले, इंजिन हाताने फिरवलं तर भोकांतून पाण्याच्या पिचकाऱ्या. पाणी दाबलं जात नाही, सेल मारला असता तर पिस्टनला धरणारा कनेक्टिंग रॉड वाकला असता. ऑइल, फिल्टर बदलून पुढे सहा वर्षं चालवली.

*

मी गॅरेजमध्येच काम करतो, बारामती. वरचं सगळं बरोबर, एक जोडतो. सेलचा आवाज ऐका. नेहमी इंजिन दम खात फिरतं, घुर्र-घुर्र-घुर्र असं. एखाद दिवशी ते एकदम हलकं, सलग, शिवणयंत्रासारखं फिरायला लागलं तर टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारा पट्टा, तुटलेला असू शकतो. तिथेच थांबा. पुन्हा चावी फिरवू नका, धक्का तर अजिबात मारू नका, बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हला जाऊन लागतो. माझ्याकडे आलेल्या गाडीला आधी चार जणांनी धक्का मारला होता, हेड उघडलं तर आठ व्हॉल्व्ह वाकलेले.