सोमवार ते शनिवार भक्ती कशी टिकते? इंदूरच्या मराठी ख्रिस्ती मंडळींचे अनुभव

स्नेहलतागंजची मावशी (धागाकर्ती)

सगळ्यांना जय मसीह की, आणि आपल्या मराठीत नमस्कार.

इंदुरात आपण मराठी ख्रिस्ती तसे मोजकेच. बहुतेकांचे आजी-आजोबा नगर, जालना, नाशिककडून पोटापाण्यासाठी इकडे आले आणि इथलेच झाले. रविवारची उपासना हिंदीत, घरची भजनं आजीच्या चालीवर मराठीत, असं आपलं चालत आलंय. कॅनडाचं प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंट) मिशन मालव्यात 1877 मध्ये आलं, ख्रिश्चन कॉलेज 1887 मध्ये सुरू झालं, हा इतिहास आपल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतो. पण घरी दार लावल्यावर आपली प्रार्थना होते का आणि कशी होते, हे आपण एकमेकांना कधी विचारत नाही. प्रभूने तर खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करायला सांगितलं (मत्तय 6). कदाचित त्यामुळेच कुणी त्याबद्दल बोलत नसेल.

मध्यंतरी महिला संगतीत एका नवीन सुनेने विचारलं, "मावशी, मी प्रार्थनेला बसते आणि डोक्यात डब्याला काय करू हेच चालू असतं. ही भक्ती खरी म्हणायची का?" जमलेल्या बायकांनी तिला धीर दिला, विषय बदलला. मला तो प्रश्न फार महत्त्वाचा वाटला. म्हणून हा धागा. विनंती एकच: चमत्काराच्या साक्षी दुसरीकडे लिहा. इथे तुम्ही रोज काय करता, कुठे अडतं, ते लिहा.

आधी माझं सांगते. सकाळी गॅसवर दूध ठेवलं की मी ओट्यापाशी उभी राहून पवित्र शास्त्रातलं एक स्तोत्र मोठ्याने वाचते. मोठ्याने अशासाठी, की मनात वाचलं तर डोळे ओळींवरून फिरतात आणि मन बाजारात असतं. स्वतःचा आवाज कानावर पडला की जरा भान राहतं. आणि तरीही मन गेलंच, तर जिथे गेलं त्याचीच प्रार्थना करते. डबा आठवला तर डबा खाणाऱ्याची. विजेचं बिल आठवलं तर बिल भरायला ज्याची ओढाताण होते त्या शेजारणीची. त्या सुनेला मी हेच सांगितलं. डब्याची काळजी म्हणजे नवऱ्याची काळजी, ती देवासमोर ठेवायला कसली लाज?

नाइट ड्युटी

मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. पाळ्या सारख्या बदलतात, त्यामुळे "सकाळी सहाची प्रार्थना" वगैरे मला शक्यच नाही. सुरुवातीला याचं फार वाईट वाटायचं. आई पहाटे गुडघे टेकायची, ते डोळ्यांसमोर होतं.

मग हात धुताना प्रार्थना करायची सवय लावली. साबण-पाण्याने नीट हात धुवायला चाळीस ते साठ सेकंद लागतात, ट्रेनिंगमध्ये हेच शिकवतात. प्रभूची प्रार्थना (येशूने शिकवलेली) घाई न करता म्हटली तर साधारण तेवढाच वेळ होतो. तळव्यावर तळवा घासताना "हे आमच्या स्वर्गातील पित्या", बोटांच्या बेचक्यांत येईपर्यंत रोजची भाकर, अंगठे आणि नखं होईपर्यंत क्षमेची ओळ, नळ बंद करताना आमेन. दिवसभरात किती वेळा हात धुतो ते विचारूच नका. क्षमेच्या ओळीला बहुतेक वेळा कुणीतरी समोर उभं राहतंच: ओरडून गेलेला डॉक्टर, अंगावर धावून आलेला नातेवाईक. नखं घासत त्याचं नाव घेते.

वॉर्डात मी पेशंटसमोर मोठ्याने प्रार्थना करत नाही. तो आजारी आहे, माझ्या हातात त्याची सुई आहे, अशा वेळी माझा विश्वास त्याच्यावर लादणं मला पटत नाही. एका रात्री एक आजी गेल्या. जवळचं कुणी पोचलेलं नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी त्यांच्यासाठी रामनाम सुरू केलं, मी आजींचा हात धरून बसले होते. माझी प्रार्थना मनात चालली होती. तेव्हा मला तिथे काही वेगळं करायला हवं होतं असं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

कापड बाजार

लिहायची सवय नाही, पण मावशींनी सांगितलंय म्हणून लिहितो. कापड बाजारात हिशेब लिहिण्यात माझी हयात गेली. आमच्या धंद्यात मार्च महिना आला की भल्याभल्या माणसांचा कस लागतो.

एका पेढीवर मला मागच्या तारखेची बिलं करायला सांगितलं. रक्कम काही फार मोठी नव्हती. सगळे करतात, त्यात काय, असंच सगळ्यांचं म्हणणं. मी म्हणालो, "शेठजी, रात्री बारापर्यंत बसवा, दुसरं काहीही सांगा, हे माझ्या हातून होणार नाही." ते रागावले नाहीत, नुसते बघत राहिले. काम दुसऱ्याला दिलं. त्या वर्षी दिवाळीला माझं पाकीट हलकं होतं आणि पुढे मला ती नोकरी सोडावी लागली. आता जिथे आहे तिथे पगार कमी आहे. बायको एका शब्दाने बोलली नाही, हे मात्र नोंदवून ठेवतो.

पवित्र शास्त्रातल्या लेवीय पुस्तकाचा 19 वा अध्याय वाचा. खरं तराजू, खरी वजनं, खरी मापं ठेवा हे त्यात सांगितलंय, आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर हेही त्याच अध्यायात आहे. शेतात पडलेली कणसं गरिबांसाठी सोडा, मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवू नका, सगळं एका जागी. माझी भक्ती चोपडी उघडल्यावर सुरू होते. पान उघडलं की वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवून क्षणभर थांबतो, "प्रभू, हे पान तुझ्यासमोर आहे" म्हणतो आणि मग पहिला आकडा लिहितो. गाणं मला येत नाही, लांब प्रार्थना जमत नाही. एवढंच येतं.

वसईची, आता पलासियाची

मी कॅथलिक आहे, माहेर वसईचं. इथे लिहू की नको असं झालं होतं, पण प्रश्न सगळ्यांचाच आहे.

माझी जपमाळ सिटी बसमध्ये होते. दहा-दहा मण्यांची पाच दशकं आणि सुरुवातीचे तीन, असे मरियेच्या प्रार्थनेचे त्रेपन्न मणी. पर्समध्ये हात घालून मणी सरकवते, कुणाला कळतही नाही. गर्दीत धक्के बसतात, मणी सुटतो, पुन्हा पकडते. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, शुक्रवारी क्रूसाची वाट असते, येशूच्या दुःखसहनाचे चौदा थांबे घेत केलेली प्रार्थना, तेव्हा मात्र ऑफिसातून लवकर निघते.

आता मनातलं लिहिते. सासरी घराच्या वाटणीवरून जाऊबाईंशी बोलणं तुटलं. दोष कुणाचा ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. मी मिस्साला (आमच्या उपासनेला) जायची, आणि शांतीची खूण म्हणून शेजारणीला नमस्कार करताना मला घरचा अबोला आठवायचा. त्याच सुमारास, 4 नोव्हेंबर 2017 ला, आपल्या इंदुरात सिस्टर राणी मारियांना धन्य घोषित केलं (संतपदाच्या आधीची पायरी). तो सोहळा मी पाहिला. उदयनगर भागातल्या गरीब, भूमिहीन लोकांसाठी त्या काम करायच्या, सावकारांच्या विळख्यातून लोकांना सोडवायच्या. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. ही गोष्ट आधीही ऐकली होती. पण त्या दिवशी मैदानात बसून ऐकताना माझा वाटणीचा तंटा मला फार छोटा वाटला आणि तरी तो मनातून सुटत नव्हता, हे दोन्ही एकदमच कळलं.

तेव्हापासून दुसरं दशक जाऊबाईंचं. दहा मणी त्यांच्यासाठी. पहिले कित्येक महिने ते नुसते ओठांनी झाले, आत काहीच हलत नव्हतं. आमच्या फादरांना विचारलं तर म्हणाले, "मण्यांना थांबवू नकोस, मन मागून येईल." पुढे कधीतरी त्यांच्या गुडघ्याचं दुखणं कानावर आलं आणि मला खरंच वाईट वाटलं. फोन केला. फार काही बोललो नाही, तेलाचं नाव सांगितलं. अजून पूर्वीसारखं नाही. दशक चालू आहे.

महूकर

फौजेतून निवृत्त. पहाटे फिरायला जातो, गल्लीतल्या एकेका घरासमोरून जाताना त्या घरासाठी एक वाक्य. हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती, जे घर येईल ते. कुणाकडे काय चाललंय हे ठाऊक असावं लागतं, म्हणून लोकांशी बोलणं वाढलं. बस.

भंवरकुआंचा विद्यार्थी

पीएससीची तयारी करतोय, खोलीत आम्ही तिघं. माझी अडचण फोनची. पवित्र शास्त्र फोनवरच होतं. वाचायला उघडलं की वर नोटिफिकेशन यायचं आणि मी तिकडे. वर्षभरात पूर्ण शास्त्र वाचायचा संकल्पही केला होता. 66 पुस्तकं, 1189 अध्याय, म्हणजे रोज तीन-चार अध्याय. अभ्यासाच्या टाइमटेबलमध्ये आणखी एक रकाना झाला तो. खूण करायची आणि पुढे. वाचलेलं काय होतं ते संध्याकाळी आठवायचं नाही.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा आजीचं जुनं शास्त्र मागून आणलं. पाठीला कापडी पट्टी चिकटवलेली, आणि समासात पेन्सिलीने बारीक तारखा. एका वचनाशेजारी माझ्या जन्माची तारीख आहे. आता फोन बाहेर कूलरवर ठेवतो आणि रोज एकच परिच्छेद, दोनदा. रूममेट दोघंही हिंदू. एकाने विचारलं, "क्या पढ़ता है रोज़?" मी येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचून दाखवलं. त्यावर आमचं बराच वेळ बोलणं झालं, विशेषतः उद्याची काळजी करू नका या भागावर, कारण निकाल लागायचा होता.

एक सून

माझं लग्न मराठी हिंदू घरात झालं. नवरा समजूतदार आहे, पण ख्रिस्ती नाही. रविवारी चर्चला एकटीच जाते. गणपतीत घर माणसांनी भरलेलं, मोदक मी वळते, सासूबाईंपेक्षा माझ्या कळ्या चांगल्या पडतात असं त्याच म्हणतात. पूजेच्या वेळी मी बाहेरच्या खोलीत मुलांना घेऊन बसते. हे आम्ही दोघींनी पहिल्याच वर्षी ठरवलं, शांतपणे, चहा पिता पिता. त्यांनी मला आग्रह करायचा नाही, मी त्यांच्या श्रद्धेला कमी लेखायचं नाही. अनंत चतुर्दशीला झांक्या (मिरवणुकीतले चित्ररथ) बघायला सगळे मिळून जातो, रात्रभर.

एकटीने भक्ती करणं सोपं नाही. सोबत "आमेन" म्हणायला कुणी नसतं. माझी जागा गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी, संध्याकाळी कपडे काढायला जाते तेव्हा. सासूबाई आता खालून विचारतात, "झाली का गं तुझी प्रार्थना? मग कुकर लाव." त्या विचारतात म्हणून चुकवताही येत नाही.

रेल्वे कॉलनी

बायको जाऊन आता काही वर्षं झाली. पहिल्या वर्षी मला प्रार्थना येत नव्हती. शब्दच नव्हते. मंडळीतले लोक घरी यायचे, "देवाची इच्छा" म्हणायचे, मी मान हलवायचो. मनातून मला देवाचा राग होता, आणि राग आहे हे चर्चमध्ये सांगायची सोय नसते.

आमच्या पाळक साहेबांनी एक गोष्ट केली, त्यासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. ते आले, बसले, आणि 88 वं स्तोत्र वाचलं. बाकी काही नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटाकडे आशेवर येतात, हे येत नाही. त्याचा शेवट अंधारावरच होतो. मी विचारलं, हे शास्त्रात कसं? ते म्हणाले, "कुणीतरी हे देवालाच म्हणालं, आणि ते पुसून टाकलं गेलं नाही." त्यानंतर मी महिनोन् महिने तेच वाचत होतो. ज्याच्यावर रागावलोय त्याच्याशीच बोलतोय, हेही कळत होतं.

रविवारी मागच्या बाकावर बसायचो. गाणं म्हणत नव्हतो, इतर म्हणायचे ते ऐकायचो. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, मात्र उठून पुढे जायचो. हात पुढे करणं जमत होतं. मावशी, तुमच्या त्या सुनेला माझ्याकडून सांगा: ज्या दिवशी काहीच वाटत नाही त्या दिवशीही जाऊन बस. मला तिथे बसूनच परत बोलता येऊ लागलं.

स्नेहलतागंजची मावशी

भाऊ, तुमचं वाचून मी उठून 88 वं स्तोत्र काढलं. दुःखात असलेल्या माणसाकडे जाताना आपण सगळेच घाईने आशेची वचनं नेतो. पुढच्या संगतीत हे वाचणार आहे, तुमचं नाव न घेता.

सुदामा नगर

माझा प्रश्न आहे, अनुभव नाही. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेला मोठा मुलगा बसत नाही. पंधरावं लागलंय. बळजबरी करावी का? हे म्हणतात करा, मला भीती वाटते की कायमचा तुटेल.

नाइट ड्युटी

ताई, आमच्या मुलाचं हेच झालं. आम्ही प्रार्थना जेवणानंतरची जेवणाआधी आणली आणि पाच मिनिटांवर आणली, एक वचन, एक प्रार्थना. तसाही तो भुकेने येऊन बसलेलाच असतो. मोठ्याने प्रार्थना कर असं त्याला सांगत नाही, फक्त विचारतो, आज कुणासाठी करायची? कधी मित्राचं नाव सांगतो, कधी क्रिकेटच्या टीमचं. जे नाव सांगेल त्यासाठी त्याचे बाबा प्रार्थना करतात. वडिलांनीच करायची, ही अट मात्र मी घातली होती, तुमच्या ह्यांनाही सांगून बघा.