मेन्यूकार्ड नाही, दर नाहीत : जेवायला बसण्याआधी काय काय विचारून घ्यावं?

रानजाई

आठ जणांसाठी टेबल घ्यायचंय. रेस्टॉरंटच्या साइटवर पदार्थांची यादी नाही आणि दरही नाहीत. ‘शेफ ठरवतील ते’ एवढंच लिहिलंय, आणि बुकिंग करतानाच बँकेच्या कार्डाचा नंबर मागतात. आठांपैकी एकीला शेंगदाणे आणि तीळ यांची ॲलर्जी आहे, एक जण मांसमच्छी खात नाही. यजमान मी आहे, म्हणून टेबलावर पैशांची बोलणी नकोत.

हे सगळं दडवून ठेवण्यामागे स्वयंपाकघराचं खरं कारण असतं का? एकूण बिलाचा अंदाज आधी कसा काढायचा? आणि दर न सांगणं कायद्यात बसतं का? आतली माहिती असणाऱ्यांनी सविस्तर लिहा.

भटारखाना

मेन्यू दडवणं वेगळं आणि दर दडवणं वेगळं. पहिल्याला सबळ कारण आहे, दुसऱ्याला बहुतेक वेळा नाही.

आधी मेन्यूचं बघू. समजा २४ खुर्च्या आहेत आणि १० कोर्स. रात्रीत २४० ताटल्या जातात, पण प्रकार दहाच. माशाचा तुकडा ६० ग्रॅमचा धरला तर २४ जणांना १,४४० ग्रॅम साफ केलेला मासा लागतो. डोकं, काटे, खवले, आतडी गेल्यावर अख्ख्या माशातून साधारण ४५ टक्के हाती लागतं. म्हणजे बाजारातून ३.२ किलो आणायचा, एखादा तुकडा बिघडेल म्हणून साडेतीन. रात्री शिल्लक जवळजवळ शून्य. याउलट ४० पदार्थांचं कार्ड असेल तर चाळीसही पदार्थांची तयारी दुपारी करून ठेवावी लागते, मग कोणी मागवो न मागवो. कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या ३० टक्क्यांच्या आसपास राखायचा असतो आणि सगळं भागवून हातात राहणारा नफा बऱ्याच ठिकाणी तीन ते पाच टक्केच असतो. नासाडी दोन-तीन टक्क्यांनी वाढली की तो नफा गेलाच. शिवाय सकाळी बाजारात जे चांगलं मिळेल ते घेऊन दुपारी पदार्थ ठरवायचा असेल तर आठवडाभर आधी यादी छापणं शक्यच नसतं.

आता हाच हिशेब दराला लावून बघा. माणसं ठरलेली, ताटल्या ठरलेल्या, माप ठरलेलं. मग माणशी दर सांगणं उलट सोपं व्हायला हवं! ज्यांनी गुप्त मेन्यू मनापासून केला त्यांनी दर लपवलेला दिसत नाही. स्पेनमधल्या एल बुयी या रेस्टॉरंटात (ते २०११ साली बंद झालं) पाहुण्याला निवड नसायची, पण जेवणाचा दर ठरलेला असायचा. शिकागोच्या नेक्स्ट या रेस्टॉरंटने २०११ साली नाटकासारखी तिकिटंच विकायला सुरुवात केली, सेवाशुल्क आणि कर धरून पैसे आधीच घेतले. पॅरिसमध्ये २००४ साली सुरू झालेल्या दाँ ल न्वार या अंधारात जेवू घालणाऱ्या रेस्टॉरंटात पाहुणा फक्त रंग निवडतो आणि काय खाल्लं ते जेवण झाल्यावर कळतं. पैसे किती, हे मात्र अंधारात शिरण्याआधीच माहीत असतं. शिकागोच्याच अलिनिया या रेस्टॉरंटात जेवण संपल्यावर आठवण म्हणून मेन्यू हातात ठेवायचे. त्यावर प्रत्येक पदार्थाशेजारी एक वर्तुळ : जितकं मोठं तितका पदार्थ मोठा, जितकं उजवीकडे सरकलेलं तितका गोड. दडवलेल्या गोष्टीचा मान राखावा तर असा.

दर आधी न सांगण्याचं एकच कारण मला पटतं, रोज बदलणारा बाजारभाव. जपानमध्ये सुशीच्या दुकानात पदार्थाच्या पाटीवर आकड्याऐवजी ‘जिका’ म्हणजे ‘चालू भाव’ लिहिलेलं असतं. पण तो भाव मालकाला सकाळीच कळलेला असतो, विचारलं की सांगता येतो.

दमडी

बिलाच्या अंदाजाबद्दल. चुकतं कुठे, तर ‘माणशी दर’ म्हणजेच बिल असं आपण धरून चालतो.

जेवणाचा दर १०० धरा. कोर्सगणिक जोडीला वाइन घेतली तर जेवणाच्या निम्म्यापासून ते जेवणाइतके पैसे त्याचेच होतात. इथे ६० धरू. बाटलीबंद पाणी आणि कॉफी ८. मध्येच सुचवलेला एखादा जास्तीचा पदार्थ २०. झाले १८८. सेवाशुल्क १२ टक्के म्हणजे २२.५६, एकूण २१०.५६. कर १० टक्के, आणि काही ठिकाणी तो सेवाशुल्कावरही लागतो, म्हणजे २१.०६. शेवटी २३१.६२. शंभराचे सव्वादोनशेच्या वर गेले आणि कोणीही फसवलेलं नाही. तुमच्या तिथले टक्के घालून हीच बेरीज करा आणि आठाने गुणा.

सर्वांत जास्त घोळ होतो तो त्या ‘जास्तीच्या’ पदार्थात. ट्रफलचं, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या महागड्या बुरशीचं, उदाहरण घ्या. वेटर गाठ आणि किसणी घेऊन येतो, ‘थोडं घालू का?’ विचारतो, आपण मान डोलावतो. ती मान म्हणजे ऑर्डर. नीट चालणाऱ्या ठिकाणी गाठ किसण्याआधी आणि किसल्यावर छोट्या काट्यावर तोलतात आणि फरकाचे पैसे लावतात. पांढऱ्या ट्रफलचे पाच ग्रॅम म्हणजे ताटलीवर पातळ पापुद्र्यांचा एक थर, किसायला दहा सेकंदंसुद्धा लागत नाहीत. म्हणून ‘घालू का’च्या उत्तरात आधी एक वाक्य म्हणायचं : ‘हे ठरलेल्या दरात येतं का?’ कॅव्हिआर (माशाची खारवलेली अंडी), जुनी वाइन, चीजची गाडी, सगळ्याला हेच वाक्य. भीड भिकेची बहीण, इथे तर शब्दशः.

वाइनच्या जोडीत एक पेला बहुधा ७५ ते १०० मिलीचा असतो. आठ पेले म्हणजे ६०० मिलीच्या पुढे, माणशी जवळजवळ एक बाटली. सगळ्यांना ते झेपतं असं नाही. निम्म्या मापाची किंवा बिनदारूची जोडी मिळते का ते विचारा. नुसतं बिल कमी होतं म्हणून नव्हे, शेवटचे तीन कोर्स शुद्धीत खाता येतात म्हणूनही.

फोनवर विचारू नका, लिहून विचारा. साधारण असं :

‘अमुक तारखेला आम्ही ८ जण आहोत. कृपया लेखी कळवावं : माणशी दर किती आणि त्यात काय काय येतं. सेवाशुल्क व कर किती टक्के आणि कोणत्या रकमेवर. दरात न येणाऱ्या गोष्टी कोणत्या. बुकिंग किती तास आधीपर्यंत रद्द करता येतं, आणि आठाचे सात झाले तर त्या एका खुर्चीचे किती कापणार.’

ते शेवटचं वाक्य विसरू नका. कार्डाचा नंबर त्यासाठीच घेतलेला असतो, आणि कापलेली रक्कम पुष्कळदा पूर्ण दराइतकी असते.

तराजू

वरच्यात एक भर. अख्खा मासा किंवा लॉबस्टर असेल तर दर ताटलीचा नसून १०० ग्रॅमचा असू शकतो. इटलीत त्याला ‘एत्तो’ म्हणतात आणि आकड्याशेजारी बारीक अक्षरात लिहितात. फ्रेंच कार्डावर आकड्याच्या जागी ‘एस. जी.’ दिसलं तर अर्थ ‘आकारमानाप्रमाणे’. १.२ किलोचा मासा म्हणजे १०० ग्रॅमच्या आकड्याच्या बारा पट. वजन शिजवण्याआधीचं, बहुतेक वेळा डोक्या-काट्यांसकट. मासा टेबलाशी आणून दाखवतात तेव्हाच ‘वजन किती, एकूण किती होतील?’ विचारायचं. आत गेल्यावर उपयोग नाही.

काळजीवाहू

ॲलर्जीबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि मला तर तोच पहिला प्रश्न वाटतो.

मेन्यू कितीही गुप्त असो, ॲलर्जीच्या घटकांची माहिती गुप्त ठेवता येत नाही. युरोपीय संघात ११६९/२०११ क्रमांकाच्या नियमानुसार डिसेंबर २०१४ पासून रेस्टॉरंटांनाही १४ घटकांची माहिती द्यावी लागते. शेंगदाणे आणि तीळ दोन्ही त्यात आहेत. शिवाय दूध, अंडी, मासे, सोया, मोहरी, सेलरी, ग्लुटेनवाली धान्यं वगैरे.

किमान ७२ तास आधी कळवा. रस्सा, सॉस, तेलात मुरवलेले मसाले एक-दोन दिवस आधी करून ठेवतात. आयत्या वेळी सांगितलं तर स्वयंपाकघर फक्त वरची सजावट काढू शकतं, आत मुरलेलं नाही. लिहिताना ‘ॲलर्जी’ आणि ‘आवडत नाही’ एकाच ओळीत टाकू नका, नाहीतर दोन्हींना सारखंच हलकं वजन मिळतं. ॲलर्जी कशाची, किती तीव्र, अंश चालतो की नाही, हे स्वतंत्र लिहा. आणि नेमकं विचारा : तळणीचं तेल एकच आहे का, त्यात तीळ लावलेलं काही तळतात का? कोशिंबिरीवर तिळाचं किंवा दाण्याचं तेल आहे का? ताहिनी (तिळाची पेस्ट) कशात आहे? किसणी, मिक्सरचं भांडं वेगळं ठेवणार का?

शाकाहारी पाहुण्यासाठी ‘मांसमच्छी नाही’ एवढं पुरत नाही. भाजीच्या पदार्थात माशाचा किंवा हाडांचा रस्सा, गोडात जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचं), चीजमध्ये रेनेट (वासराच्या पोटातलं विरजण) असू शकतं. यातलं काय चालतं, काय नाही, ते नावानिशी लिहा.

त्या पाहुणीसाठी घटकांची यादी बंद पाकिटात मागून घ्या. बाकी सात जणांचं आश्चर्य अबाधित राहतं, आणि तिला प्रत्येक ताटलीकडे संशयाने बघावं लागत नाही. मेल केलेली असली तरी बसताक्षणी वेटरला पुन्हा सांगायचं, कारण मेल वाचणारा आणि ताटली आणणारा एकच माणूस नसतो. उत्तरात ‘काळजी करू नका, बघून घेऊ’ एवढंच आलं तर ते उत्तर नव्हे.

पोटकलम

कायदा देशागणिक बदलतो, पण दिशा बहुतेक ठिकाणी एकच : आकडा आधी.

फ्रान्समध्ये २७ मार्च १९८७ च्या आदेशानुसार मेन्यू आणि दर बाहेर लावावे लागतात, दुपारी उशिरात उशिरा ११.३० पासून आणि संध्याकाळी ६ पासून, आणि छापलेल्या दरात सेवा धरलेली असावी लागते. जर्मनीत दरपत्रक टेबलावर ठेवावं लागतं, ऑर्डर घेण्याआधी हातात द्यावं लागतं किंवा नीट वाचता येईल असं लावावं लागतं, शिवाय प्रवेशद्वारापाशीही लागतं. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याचं कलम ५१ सांगतं की सेवेची किंमत ठरलीच नसेल तर ग्राहकाने ‘वाजवी’ किंमत द्यायची. म्हणजे दर सांगितला नाही म्हणून जेवण फुकट होत नाही, पण मनाला येईल तो आकडाही लावता येत नाही. वाद झालाच तर न पटलेली बाब बिलावर लिहून, ‘हरकत नोंदवून पैसे देत आहे’ असं लिहून सही करा आणि फोटो ठेवा.

आणखी एक, यजमानांच्या प्रश्नाशी जोडलेलं. पुरुषाला दर असलेलं आणि बाईला दर नसलेलं कार्ड देण्याची जुनी प्रथा होती. १९८० साली वेस्ट हॉलिवूडमध्ये एका बाईने व्यवसायातल्या भागीदाराला जेवायला नेलं, तर दर असलेलं कार्ड त्याच्या हातात आणि बिनदराचं हिच्या. खटला दाखल झाला, रेस्टॉरंटने प्रथा सोडली आणि मग तो मागे घेतला गेला. २०१९ साली पेरूच्या इंदेकोपी या ग्राहकहिताच्या संस्थेने लिमातल्या एका रेस्टॉरंटला याच कारणासाठी २ लाख सोलहून जास्त दंड केला. बिनदराचं कार्ड मुळात वाईट नाही. ते कोणाला द्यायचं हे यजमानाने सांगायचं असतं, वेटरने चेहरे बघून ठरवायचं नसतं.

दमडी

ते बिनदराचं मेन्यूकार्डच यजमानाच्या सोयीसाठी वापरायचं. बुकिंगमध्ये लिहा : ‘यजमान मी, माझ्याच कार्डावर दर असावेत, बाकी सात कार्डं बिनदराची.’ आपलं नाव आणि बसण्याची जागा कळवा. पंधरा मिनिटं आधी जाऊन बँकेचं कार्ड काउंटरवर दाखवून ठेवा आणि बिल टेबलावर आणू नका म्हणून सांगा. निघताना बाजूला जाऊन तपासायचं आणि मगच सही करायची. न तपासता सही करू नका, घाईत एखाद्या पेल्याची दोनदा नोंद सहज होते.

वाइन निवडताना यादीतल्या परवडणाऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हणायचं, ‘या धर्तीचं काहीतरी सुचवा.’ वाइन देणारा नाव वाचत नाही, बोटाशेजारचा आकडा वाचतो. पाहुण्यांना काही कळत नाही.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. वरचा मजकूर जसाच्या तसा पाठवला. घटकांचं पाकीट द्यायला तयार आहेत, तळणी वेगळी ठेवतील. दराबद्दल मात्र ‘बाजारभावावर अवलंबून, आज सांगता येणार नाही’ असं उत्तर आलं. आता?

भटारखाना

आकडा त्यांच्याकडून येत नसेल तर तुम्ही द्या. ‘कर आणि सेवाशुल्क धरून माणशी अमुक रकमेच्या वर जाऊ नये, पेयं वेगळी’ असं लिहा आणि ‘मान्य’ एवढं उत्तर लेखी मागा. यात कमीपणा काही नाही. जपानमध्ये ‘ओमाकासे’ म्हणजे सगळं शेफवर सोपवताना बुकिंगच्या वेळीच आपला आकडा सांगण्याची पद्धत आहे. शेफला त्याने मदतच होते, कारण मर्यादा कळली की कोणता मासा घ्यायचा आणि किती ग्रॅमचा तुकडा कापायचा हे त्याला बाजारातच ठरवता येतं. वरची मर्यादाही मान्य नसेल, तर कार्डाचा नंबर देऊ नका.

रानजाई

मर्यादा कळवली. तासाभरात ‘मान्य’ आलं, आणि सोबत आठाचे सात झाले तर काय याचंही उत्तर : ४८ तास आधी कळवलं तर काही कापणार नाहीत.