सणाच्या सुट्टीत मुलांसाठी बागेत ट्रेल करायचाय, मदत हवी आहे

मंडळी, सुट्टीत मुलांसाठी बागेत ॲक्टिव्हिटी ट्रेल करायचाय, म्हणजे ठरलेल्या वाटेने चालायचं, प्रत्येक थांब्यावर काहीतरी करायचं, कार्डावर शिक्का मारायचा नि पुढे. थीम दिवे आणि चांदण्या. मुलं ४ ते १० वर्षांची, वाट साधारण ५०० मीटर, ८ थांबे धरलेत.

घोडं अडलंय वयाच्या फरकावर. ४ वर्षांच्या पोराला वाचता येत नाही आणि १० वर्षांच्याला 'लाल चांदणी शोध' म्हटलं की लगेच कंटाळा, म्हणून एकाच पाटीवर वर मोठं चित्र नि खाली कोडं असं करावं म्हणते, जमेल का?

दुसरं म्हणजे गर्दी. काटक्यांना दोरा गुंडाळून चांदणी करायच्या थांब्यावर सहज दहा मिनिटं जाणार, मागे रांग लागणार. गट वेगवेगळ्या थांब्यांवरून सोडले तर रांग टळेल, पण मग हरवलेल्या चांदणीची गोष्ट जी मला सलग सांगायचीये तिचा पार विचका होतो!! गोष्ट सोडायची अजिबात इच्छा नाहीये, मुलं चालतात ती पुढे काय झालं या ओढीनेच.

पाट्या लॅमिनेट करणारे, कागदाच्या कडेने प्लास्टिकची पट्टी राखूनच कापायच्या म्हणजे पाणी शिरत नाही, आणि झाडांना खिळे नाही, सुतळीच. व्हीलचेअर जाईल अशी वाट बघून ठेवलीये.

कुणी असं केलं असेल तर सांगा ना, गोष्ट सलग ठेवून गर्दी कशी टाळलीत? आणि व्हीलचेअरवरच्या मुलांना सोपी जाईल अशी पाटीची उंची किती ठेवलीत?