नाताळच्या कार्यक्रमात मुलांनी स्वतः रचलेली प्रार्थना, कशी बसवू?

वसईची_टीचर: आमची कॅथलिक मराठी शाळा, वर्गात हिंदू-मुस्लिम मुलंही बरीच. सिस्टर म्हणाल्या यंदा नुसते नाच नकोत, प्रार्थना मुलांनीच रचू दे. सातवीला झेपेल असं काही सुचवा ना.

ओवीप्रेमी: अहो ओवीच घ्या! फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी अख्खं ख्रिस्तपुराण, म्हणजे येशूची कथा, मराठी ओवीत रचलं, १६१६ ला गोव्यात रायतूरला छापलं, म्हणजे चारशे वर्षांची आपली परंपरा आहे ही. रचना सोपी, पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड नि मोकळा. आधी टाळ्यांवर म्हणून घ्या, लय बसली की मुलं आपोआप जोडत जातात.

गोठेवाला: आणि येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा रेडिमेड आणू नका, माती-पेंढ्याचा मुलांनाच करू द्या. संत फ्रान्सिसने १२२३ ला इटलीतल्या ग्रेचो गावात खरा बैल नि गाढव ठेवून गोठा मांडला होता, तेच नाटकात दाखवा.

माजी_विद्यार्थी: एकच विनंती, ख्रिस्ती नसलेल्या मुलांवर येशूचं नाव घ्यायची सक्ती नको. आजीसाठी, पावसासाठी, जे मनात असेल ते मागू दे, तीही प्रार्थनाच.

वसईची_टीचर: हे पटलं, सोमवारपासून ओवीने सुरू करते.