अक्षता सोहळा रेकॉर्ड करताना बॉक्स '१६:९'वर ठेवायचा की पट्ट्यांवर?

साखरपेठी

घरात सेट-टॉप बॉक्सच्या एका मेनूवरून भांडण लागलंय, म्हणून इथे टाकतोय.

आमचे आप्पा पूर्वी सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, पेलायचे. जानेवारी २०१४ मध्ये केबलच्या स्थानिक चॅनेलवर अक्षता सोहळा, म्हणजे यात्रेतलं प्रतीकात्मक लग्न, थेट दाखवत होते. सम्मती कट्ट्यासमोर सातही नंदीध्वज उभे, आणि एकाखाली पांढऱ्या बाराबंदीत आप्पा. कॅमेरा त्यांच्यावर चाळीसेक सेकंद थांबला असेल. मामांनी दुबईहून आणलेल्या डीव्हीडी रेकॉर्डरवर दादाने ते सगळं घेतलं. आप्पा आता नाहीत.

परवा भाऊबीजेला सगळे जमले, म्हणून डिस्क लावली. नव्या मोठ्या टीव्हीवर चित्र मधोमध चौकोनात, दोन्ही बाजूंना काळं, आणि आतली माणसं उसासारखी उभट. नंदीध्वज तर सुतळीएवढा. आत्या बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "शेवटी शेवटी एवढा वाळला होता होय रे?"

दादाचं म्हणणं: चूक त्याचीच, बॉक्स 'लेटरबॉक्स'वर ठेवायला हवा होता, वरखाली पट्ट्या आल्या असत्या पण माणसं माणसांसारखी दिसली असती. माझं म्हणणं: दादाने नकळत बॉक्स '१६:९'वर, म्हणजे रुंद चित्रावर, ठेवला तेच बरोबर केलं. साध्या डिजिटल प्रक्षेपणाची चौकट ७२० बाय ५७६ ठिपक्यांची. चित्र रुंद असलं तरी ठिपके तेवढेच, ते आडवं दाबून बसवतात आणि 'उघडताना १६:९ कर' अशी खूण सोबत पाठवतात. बॉक्सला ती खूण कळते. पण बॉक्सपासून रेकॉर्डरपर्यंत जी लाल-पांढरी-पिवळी वायर आहे, तिच्यातून चित्र गेलं, खूण गेली नाही. म्हणजे डिस्कवर आप्पा पूर्ण आहेत, फक्त दाबलेले आहेत. पट्ट्या लावल्या असत्या तर ५७६ पैकी १४४ रेषा काळ्या रंगावर गेल्या असत्या आणि चित्राला ४३२ उरल्या असत्या. त्या गेलेल्या रेषा पुन्हा कुठून आणणार?

यंदा संक्रांतीला पुतण्या पहिल्यांदा नंदीध्वज पेलणार आहे. रेकॉर्डर अजून चालतो. बॉक्स कशावर ठेवू?

कडकभाकरी

पट्ट्यांवर. विषय संपला.

तुझं गणित बरोबर असेल, पण तू लिहिलेलंच परत वाच. डिस्कवर आप्पा 'पूर्ण' असूनही आत्याला ते वाळलेले दिसले. रेकॉर्डिंग रेषा मोजणाऱ्यासाठी नसतं बे, बघणाऱ्यासाठी असतं. दहा वर्षांनी ती डिस्क तुझ्या हातात असेल की पुतण्याच्या बायकोच्या, कुणाला माहीत. तिला कोण सांगणार की हे चित्र आधी ओढून रुंद करायचं? पट्टीवालं चित्र कुठल्याही टीव्हीवर लावा, गोल ते गोलच दिसतं. आमच्या आईला रिमोटवर फक्त आवाजाचं बटण कळतं, आणि तेच बरोबर आहे.

पाना_पक्कड

टीव्ही दुरुस्तीत आयुष्य गेलं, म्हणून बोलतो. कडकभाकरी, 'कुठल्याही टीव्हीवर' हे तुमचं म्हणणं जुन्या डब्बा टीव्हीपुरतं खरं. पट्टीवालं रेकॉर्डिंग आजच्या रुंद टीव्हीवर लावा. टीव्हीला वाटतं चित्र चौकोनी आहे, तो डावी-उजवीकडे काळं सोडतो. वरखाली तुमच्या पट्ट्या आहेतच. चारही बाजूंनी काळं आणि मधे पोस्टाच्या तिकिटाएवढा सोहळा. मग कुणीतरी झूम दाबतो, आणि ४३२ रेषा ५५ इंचावर पसरल्या की चेहऱ्याचं पिठलं होतं. दुकानात ही तक्रार मी शंभरदा ऐकली असेल.

खुणेबद्दल साखरपेठी म्हणतात ते खरं. युरोपात जाड, बऱ्याच पिनांची एक स्कार्ट वायर असायची. तिच्या आठव्या पिनेवर साधारण ६ व्होल्ट आले तर टीव्ही समजायचा चित्र रुंद आहे, १२ आले तर चौकोनी. आपल्याकडे सगळा कारभार तीन रंगी पिनांचा, तिथे हे सांगायला जागाच नाही. ही खूण चित्राच्या २३ व्या रेषेत घालायचीही सोय आहे, पण बॉक्सने ती घालायला हवी, रेकॉर्डरने वाचायला हवी आणि डिस्कवर लिहायला हवी. तिघांचं जमलेलं मी क्वचितच पाहिलं.

आणि एक सांगून ठेवतो. मेनूत तिसरा पर्याय असतो, 'पॅन-स्कॅन' किंवा 'सेंटर कट'. तो चुकूनही नको. दोन्ही कडांचा आठवा-आठवा भाग कापला जातो. सात नंदीध्वज ओळीत उभे असले तर पहिला आणि सातवा गेलाच म्हणून समजा.

शेंगाचटणी

कुठल्या काळात आहात राव? यात्रा सुरू झाली की निम्मं सोलापूर मोबाइल वर करून उभं असतं. चॅनेलवाले यूट्यूबवर टाकतात. डीव्हीडी रेकॉर्डर भंगारात द्या, निदान चिक्कीचे पैसे सुटतील.

साखरपेठी

@शेंगाचटणी, मोबाइलचे व्हिडिओ आहेत की. सगळे उभे, सगळ्यांत पुढच्या माणसाचं डोकं, आणि आप्पा कुठेच नाहीत. कट्ट्यावर उंचावरून कॅमेरा फक्त त्या चॅनेलचा होता. त्यांनी २०१४ चं यूट्यूबवर कधी टाकलंच नाही. विचारायला गेलो तर म्हणाले, तेव्हाचं फुटेज पुसून त्याच टेपा परत वापरल्या. आमच्या घरातली डिस्क नसती तर ते चाळीस सेकंद कुठेच नसते.

कन्ना_चौक

मग रेकॉर्डर तरी कशाला? बॉक्सच्या मागे पेनड्राइव्ह लावा. मूळ डिजिटल प्रवाह जसाच्या तसा उतरतो, खूण आतच असते, भांडणच मिटलं. साध्या दर्जाचं चॅनेल ४ मेगाबिटने येत असेल तर तासाला १.८ जीबी. कितीसं लागतं?

भीमाकाठ

कन्ना चौक, हे मी तीन वर्षं केलं. कीर्तनं, आषाढीची पंढरपूरची महापूजा, क्रिकेट, एक अख्खी हार्ड डिस्क भरली. मग बॉक्स बिघडला. कंपनीने नवा दिला. कंपनीचं नाव घेत नाही. नवा बॉक्स जुन्या फायली ओळखेना, संगणकावर नुसतं करडं. चौकशी केली तेव्हा कळलं, पैसे भरायच्या बॉक्सवरचं रेकॉर्डिंग कुलूपबंद असतं आणि किल्ली त्या एका बॉक्सच्या पोटात. बॉक्स परत घेऊन गेले ते किल्लीसकट.

दूरदर्शनचे मोफत चॅनेल धरणाऱ्या साध्या बॉक्सवर हे होत नाही. त्यावर सह्याद्रीचा कार्यक्रम घेतला तर फाइल कुठेही चालते. पण तुमचं स्थानिक चॅनेल केबलवरच, त्यामुळे त्याचा इथे उपयोग नाही. त्या तीन वर्षांपेक्षा साखरपेठींची उभट डिस्क बरी. निदान दिसते तरी.

आणि पेनड्राइव्ह 'एफएटी ३२' या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. काही बॉक्स पुढचा तुकडा आपोआप करतात, काही गप थांबतात. नेमकं अक्षता पडताना थांबलं तर कुणाच्या नावाने ओरडणार?

पाळी_तिसरी

आम्ही व्हीएचएसवाले. तीन तासांची कॅसेट, वर स्केचपेनने 'लग्न, पुसू नये', आणि तरी कुणीतरी वरून मॅच घेतलेली.

पट्टी की दाब, या वादात मी दादाच्या बाजूचा. व्हीएचएसचा आडवा तपशील सुमारे २४० रेषांचा. पट्ट्या लावा नाहीतर दाबा, आडव्यात तेवढंच मिळणार. आडवं मुळातच पुसट, मग उभ्यात ४३२ ऐवजी ५७६ असल्या तर कुणाच्या डोळ्याला कळतं? आम्ही पट्ट्या लावून घेतलं आणि सुखात बघितलं.

पाना_पक्कड

कॅसेटवर तुमचं बरंचसं खरं, पण साखरपेठींकडे कॅसेट नाही. डीव्हीडी रेकॉर्डर दोन तासांच्या 'एसपी'वर असेल तर ५७६ च्या ५७६ रेषा पकडतो. ४.७ जीबीच्या डिस्कवर सहा तासांच्या 'ईपी'त घेतलं असेल तर मात्र कुठलीच बाजू घेण्यात अर्थ नाही, गर्दीच्या दृश्यात नुसते ठोकळे दिसतात.

माझा सल्ला: दाबून घ्या, ती मूळ प्रत. तिच्यावरून संगणकावर आत्यासाठी पट्टीवाली किंवा सरळ रुंद प्रत काढा. दाबलेल्यावरून पट्टीवालं करता येतं, पट्टीवाल्यावरून गेलेल्या रेषा येत नाहीत. आणि रेकॉर्डिंग झालं की डिस्क फायनलाइज करा, म्हणजे ती दुसऱ्या प्लेअरवरही चालेल अशी बंद करा. रेकॉर्डर मेल्यावर फायनलाइज न केलेल्या डिस्का घेऊन लोक माझ्याकडे येतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

कडकभाकरी

'संगणकावर प्रत काढा.' काढणार कोण? साखरपेठी, तू २०१४ पासून काढलीस का?

साखरपेठी

नाही काढली. हा लागला.

टिळकचौक

मंडळी, हे सगळं कायद्यात बसतं का?

वकिलीण_बाई

घरच्या वापरासाठी बसतं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ३९: स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग केल्याने प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग होत नाही. पण तीच डिस्क मंडळाच्या पडद्यावर लावणं, विकणं किंवा स्वतःचं चॅनेल उघडून त्यावर टाकणं हे खासगी नव्हे. चित्रपट आणि गाण्यांचे हक्क वेगळे, ते यात मिसळू नका. भीमाकाठांचं कुलूप फोडून देतो म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. २०१२ च्या दुरुस्तीने त्यासाठी वेगळं कलम आलंय.

साखरपेठी

काल रात्री बसलो. दादाही होता.

डिस्कवर कोपऱ्यात चॅनेलचं गोल चिन्ह आहे. टीव्हीच्या काचेवर शिवणकामाची पट्टी लावून मोजलं: उंची ८ सेंटिमीटर, रुंदी ६. बरोबर तीन चतुर्थांश, म्हणजे चित्र दाबलेलंच आहे, कापलेलं नाही. डिस्क संगणकात घालून व्हीएलसीत उघडली आणि 'ए'चं बटण दाबत १६:९ वर आणलं. चित्र टीव्हीवर पाठवलं, परत मोजलं: ८ बाय ८. दादा काही बोलला नाही. आप्पांचा तो तुकडा आला तेव्हा त्याने रिमोट माझ्या हातातून घेतला आणि मागे नेऊन परत लावला. चारदा.

मग एफएफएमपेग हे व्हिडिओचं सॉफ्टवेअर वापरून चित्राला हात न लावता फायलीत फक्त आकाराची खूण घातली. दोन मिनिटांचं काम होतं, म्हणजे कडकभाकरी म्हणाला ते आणखीच लागलं. ती फाइल पेनड्राइव्हवर घालून आत्याकडे नेली. रिमोटचं काही करावं लागलं नाही. "हां, हा आमचा," म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

यंदाची चाचणी म्हणून आजच्या संध्याकाळच्या बातम्या १६:९ वर घेऊन बघितल्या. बातम्या व्यवस्थित. मधे साडीच्या दुकानाची जुनी जाहिरात लागली, ती चॅनेलनेच चौकोनीची ओढून रुंद केलेली, बाया रुंदीला एक तृतीयांशाने जास्त. त्यावर तुमच्या-माझ्या कुठल्याही मेनूत इलाज नाही.

दादा म्हणतो १६:९ वर ठेव, पण डिस्कच्या कव्हरवर मोठ्या अक्षरात लिही: 'चित्र दाबलेलं आहे, १६:९ करून बघणे'. लिहिलंय.

कडकभाकरी

कव्हर हरवतं. आमच्याकडच्या निम्म्या डिस्का दुसऱ्याच कव्हरात आहेत.

मी तरी पट्ट्याच लावणार. पण तू घे १६:९ वर. आणि यूपीएस लाव की त्या रेकॉर्डरला, गेल्या संक्रांतीला आमच्याकडे ऐन अक्षतांना लाईट गेली होती.