टूडी गेम करायचा आहे, गोडोत हिरो गोगलगायीसारखा सरकतोय

नवखा_खेळगडी:
कॉलेजात शिकवली तेवढी सी येते. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही. आधी सी++ पक्की करू की थेट युनिटी हे गेम-इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) घेऊ? सध्या गोडो ४ हे दुसरं इंजिन टाकलंय. व्हिडिओतला कोड जसाच्या तसा उतरवला तर मूव्ह-अँड-स्लाइडच्या (हिरोला हलवणाऱ्या फंक्शनच्या) ओळीवर लाल एरर. कंसातलं काढून वर व्हेलॉसिटीत (वेगात) टाकलं तर एरर गेली, पण हिरो हलता हलत नाही. स्पीड ३०० आहे.

कळफलक:
व्हिडिओ गोडो ३ चा आहे. तिथे वेग कंसात द्यावा लागायचा. ४ मध्ये व्हेलॉसिटी कॅरेक्टरबॉडी-टूडीकडेच (हिरोच्या नोडकडे, म्हणजे सीनमधल्या घटकाकडे) असते, कंस रिकामा. 'कायनेमॅटिकबॉडी' हा गोडो ३ मधला जुना शब्द दिसला की तो व्हिडिओ बंद करा.

हळू सरकतोय म्हणजे वेगाला डेल्टाने (दोन खेपांमधल्या वेळेने) गुणलंय. मूव्ह-अँड-स्लाइड डेल्टा आतच धरतं. फिजिक्स सेकंदाला ६० वेळा चालतं, म्हणजे ३०० चे झाले सेकंदाला ५ पिक्सेल! गुणाकार काढा. गुरुत्वाकर्षणाला मात्र डेल्टा हवाच, ते वेगात दर खेपेला थोडं थोडं मिळवायचं असतं. वाय अक्ष खालच्या दिशेने वाढतो, म्हणून उडीचा वेग उणे. -४०० आणि गुरुत्व ९८० धरलं तर उडी साधारण ८० पिक्सेल उंच जाते.

अर्धविराम:
सी++ आत्ता नकोच. सी येते त्याला जीडीस्क्रिप्ट (गोडोची भाषा) जड नाही, फक्त महिरपी कंसांऐवजी इंडेंटेशन. ४ जीबीत युनिटीचा नाद सोडा. गोडोत नवा प्रोजेक्ट करताना रेंडरर (चित्र काढणारा भाग) 'कंपॅटिबिलिटी' निवडा, तो ओपनजीएल या जुन्या ग्राफिक्स तंत्रावर चालतो. 'फॉरवर्ड प्लस'ला व्हल्कनसारखं नवं तंत्र लागतं, जुन्या मशीनवर तिथेच घोडं अडतं.

पहिला गेम पाँग करा, १९७२ चा. दोन फळ्या, चेंडू, स्कोअर, बस्स. यातही एक खोच आहे: चेंडू एरिया-टूडी (फक्त स्पर्श ओळखणारा नोड) ठेवून आपणच पुढे ढकलला आणि वेग १२०० झाला, तर तो एका खेपेत २० पिक्सेल उडी मारतो. चेंडू आणि फळी ८-८ पिक्सेलची असेल तर कधीकधी आरपार जातो. कॅरेक्टरबॉडी-टूडी घ्या, मूव्ह-अँड-कोलाइड वापरा (याला मात्र वेग गुणिले डेल्टा द्यायचा) आणि धडक झाली की नॉर्मल (पृष्ठभागाला लंब दिशा) घेऊन बाउन्स करा.

रात्रपाळी:
थोडा असहमत. इंजिन गेम-लूप लपवतं. आठवडाभर पायगेममध्ये (पायथनची गेम-लायब्ररी) तोच पाँग लिहा: इनपुट, हिशोब, चित्र, पुन्हा इनपुट. फक्त लूपमध्ये इव्हेंट वाचायला विसरू नका, नाहीतर विंडो 'प्रतिसाद देत नाही' म्हणते. क्लॉक-टिक (सेकंदाला फेऱ्यांची मर्यादा) ६० नसेल तर प्रत्येक मशीनवर चेंडूचा वेग निराळा.

अर्धविराम:
आठवडाभर ठीक. पण नंतर ध्वनी, मेनू, अँड्रॉइड हे सगळं हाताने करत बसावं लागतं.

नवखा_खेळगडी:
डेल्टा काढला, पळतोय! पण आता जमिनीतून खाली पडतो.

कळफलक:
सीन-ट्रीमध्ये (नोडच्या यादीत) पिवळा त्रिकोण दिसतोय का? कोलिजनशेप-टूडी (धडकेचा आकार ठरवणारा नोड) जोडला पण 'शेप' रिकामा राहिला असेल. आयत निवडा, आकार त्याच्या टोकांनी ओढून ठरवा, नोड स्केल करू नका. हे हिरोला आणि जमिनीला, दोघांनाही. जमीन स्टॅटिकबॉडी-टूडी (न हलणारी वस्तू) हवी, नुसता स्प्राइट (चित्र) नाही.