डाउन सिंड्रोम: एमडी थिसिससाठी सगळ्यात निकडीचा प्रश्न कोणता?

बालरोग_निवासी:
थिसिससाठी डाउन सिंड्रोम घ्यायचं ठरलंय. हाताशी दीड वर्ष, जिल्हा रुग्णालयाच्या डीईआयसीत (मुलांच्या वाढीतले दोष लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र) येणारी मुलं आणि जेमतेम निधी. गाइड म्हणतात थायरॉइडचं प्रमाण काढ. पण टीएसएचवर (थायरॉइडची रक्ततपासणी) ढीगभर काम आधीच झालेलं आहे. मुलांच्या तब्येतीला खरंच उपयोग होईल असं काय घ्यावं?

रात्रपाळी:
झोप घ्या. अरुंद श्वासमार्ग, सैल स्नायू आणि त्या मानाने मोठी जीभ, म्हणून स्लीप अप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडणं, या मुलांत फार. पालकांच्या सांगण्यावरून अंदाज चुकतो, त्यामुळे अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने चार वर्षांच्या आत सगळ्यांचीच पॉलिसोम्नोग्राफी (रात्रभर श्वास, ऑक्सिजन, मेंदूच्या लहरी नोंदवणारी झोपेची तपासणी) करायला सांगितली आहे. जिल्ह्याला ती सोय कुठून आणणार? म्हणून प्रश्न असा मांडा: रात्रभराच्या पल्स ऑक्सिमेट्रीवरून (प्रोब लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणं) कोणत्या मुलाला आधी पुढे पाठवायचं हे ठरवता येतं का?

मशीन मेमरीवालं हवं आणि ते ज्या काळाची सरासरी दाखवतं तो काळ 3 सेकंदांपेक्षा जास्त नको. तो जास्त असला की ऑक्सिजनच्या छोट्या घसरणी आलेखात पुसल्या जातात आणि आजारी मूल ठणठणीत दिसतं. प्रोब पायाच्या अंगठ्याला लावून वर मोजा घाला. हाताला लावलेला प्रोब मूल अर्ध्या रात्रीत काढून टाकतं. निदान 6 तास स्वच्छ रेकॉर्डिंग मिळालं तरच धरा. मॅकगिल स्कोअर (ऑक्सिमेट्रीचा आलेख वाचायची ठरलेली पद्धत) वापरा: घसरणींचे किमान 3 झुबके आणि 90 टक्क्यांखाली किमान 3 घसरणी असतील तर पॉझिटिव्ह.

निगेटिव्ह आलं म्हणजे अप्निया नाही, असं मात्र लिहू नका. ऑक्सिजन न घसरताही झोप मोडत राहते. म्हणून पॉझिटिव्ह-निगेटिव्ह दोन्हींतून काही मुलांची पॉलिसोम्नोग्राफी मोठ्या केंद्रात करून घ्या.

सॅम्पल साइझ: प्रमाण 50 टक्के, चूक ±10 टक्के धरली तर 96. साधारण 15 टक्के रेकॉर्डिंग वाया जाणार, म्हणजे 113 मुलं नोंदवा.

बालरोग_निवासी:
हृदयदोष असलेली मुलं वगळू का?

रात्रपाळी:
अजिबात नको. जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मजात हृदयदोष असतो. त्यांना वगळलं तर अभ्यास तुमच्या ओपीडीचा राहणारच नाही. शिवाय अप्नियाने फुप्फुसातला दाब वाढतो, तेव्हा उत्तराची गरज त्यांनाच जास्त. वेगळा गट करा. उजवीकडून डावीकडे शंट (हृदयात अशुद्ध रक्त शुद्ध रक्तात मिसळणं) असेल तर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, मुळातच कमी असतं, तिथे 90चा निकष लावू नका.

प्रौढ_ओपीडी:
विषय चांगला आहे, पण माझ्या मते खरी पोकळी वयाच्या अठरानंतर आहे. डीईआयसीची फाइल तिथे बंद होते. अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन) ज्यापासून बनतं ते एपीपी जनुक 21व्या गुणसूत्रावर, आणि डाउन सिंड्रोममध्ये त्याच्या तीन प्रती. म्हणून चाळिशीपर्यंत जवळजवळ सगळ्यांच्या मेंदूत अमायलॉइड साचतो. तरीही अमायलॉइडविरोधी औषधांच्या सुरुवातीच्या मोठ्या चाचण्यांत ही माणसं घेतलीच नव्हती. मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही अमायलॉइड असल्याने रक्तस्रावाचा धोका वेगळा तपासावा लागतो, हे खरं. पण म्हणूनच तर त्यांच्यासाठी स्वतंत्र चाचण्या हव्यात.

निदानही अडतं. एमएमएसईत (स्मरण आणि आकलनाची छोटी चाचणी) गुण आधीच कमी, मग घसरण कशी कळणार? तुलना त्या माणसाची त्याच्याशीच हवी. सुरुवात पुष्कळदा विसरण्याने होत नाही, स्वभाव बदलण्याने होते. डिमेन्शिया म्हणण्याआधी थायरॉइड, बी12, कानातला मळ, मोतीबिंदू, नैराश्य आणि हो, स्लीप अप्नियाही तपासायचा.

पुढे तुलना करता यावी म्हणून तुमच्या फॉर्ममध्ये पंधरा वर्षांवरच्या मुलांसाठी एक पान वाढवा: आंघोळ, कपडे, पैसे ओळखणं, घरच्यांची नावं, ओळखीच्या रस्त्याने एकट्याने जाणं. प्रत्येकापुढे ‘स्वतः, सांगितल्यावर, मदतीने’ यांपैकी एक खूण आणि तारीख. एक प्रत पालकांकडे राहू द्या. पालकांच्या संमतीबरोबर त्या मुलाची स्वतःची तयारीही सोप्या शब्दांत विचारून नोंदवा, एथिक्स कमिटी ते पाहते.